सीमा उघडताना पहिला मान कोणाचा

२०२०च्या मार्च महिन्यात जगाने आपल्या सीमा ज्या वेगाने मिटून घेतल्या, तो वेग आठवला की आजही मन थक्क होते. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटले, १९ मार्चला न्यूझीलंडने आणि २० मार्चला ऑस्ट्रेलियाने परकीय प्रवाशांना मज्जाव केला, आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत जगातल्या प्रवासी विमानांपैकी निम्म्याहून अधिक विमाने जमिनीवर उभी होती. उघडण्याचे काम मात्र वर्षानुवर्षे रेंगाळले. ऑस्ट्रेलियात पर्यटकांना पुन्हा प्रवेश मिळाला तो २१ फेब्रुवारी २०२२ रोजी, न्यूझीलंडच्या सीमा पूर्णपणे खुल्या झाल्या ३१ जुलै २०२२ रोजी, आणि चीनने परदेशातून येणाऱ्यांचे सक्तीचे विलगीकरण थांबवले ते थेट ८ जानेवारी २०२३ रोजी. बंदीसाठी एका आदेशाचा कागद पुरला. पुन्हा उघडण्यासाठी काय काय लागते, याचा विचार त्या आदेशावर सही करताना फारच थोड्यांनी केला होता.

त्या तीन वर्षांत मी या विषयावर जे मिळेल ते वाचत राहिलो. सुरुवातीला कारण अगदी घरगुती होते, कारण आमच्याही घरातली माणसे दोन देशांत वाटली गेलेली होती. पुढे मात्र हा प्रश्न मला केवळ आरोग्याचा वाटेनासा झाला. साथ चालू असताना सीमा सुरक्षितपणे उघडायची म्हणजे थोडा संसर्ग आत येणार हे आधी मान्य करायचे, आणि मग तो धोका कोणासाठी पत्करायचा, त्याचा भार कोणाच्या खांद्यावर पडणार आणि तो भार हलका करण्यासाठी काय करायचे, हे लोकांना उघडपणे सांगायचे. यातला ‘कोणासाठी’ हा प्रश्न बहुतेक सरकारांनी शेवटी विचारला, आणि माझ्या मते तोच आधी विचारायला हवा होता.

सीमा बंद करणे हा मूर्खपणा होता असे मात्र मी म्हणणार नाही. १९१८ सालच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत ‘तलुने’ नावाचे जहाज ऑकलंडहून निघून ७ नोव्हेंबरला पश्चिम सामोआतल्या आपिया बंदरात आले. जहाजावर आजारी माणसे असतानाही ते अडवले गेले नाही, आणि पुढच्या काही आठवड्यांत त्या बेटांवरची साधारण ८,५०० माणसे, म्हणजे लोकसंख्येच्या एक पंचमांशाहून अधिक, मृत्युमुखी पडली. जवळच्याच अमेरिकन सामोआत गव्हर्नर जॉन पोयर यांनी बंदरावर कडक पहारा बसवला होता. तिथे या साथीने एकही बळी घेतला नाही. शेजारशेजारच्या बेटांचे हे दोन आकडे ज्याने एकदा वाचले, त्याला सीमेवरची बंदी सरसकट धुडकावून लावता येत नाही.

पण बंदीने मिळतो तो वेळ, आणि तोही रोग आत शिरण्याआधी बंदी आली तरच. २०२०च्या सुरुवातीला ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की, वुहानमधून बाहेर पडण्यावर घातलेल्या बंदीमुळे चीनच्या इतर भागांत साथ पसरण्यास जेमतेम तीन ते पाच दिवसांचा उशीर झाला, कारण तोवर विषाणू इतर शहरांत पोहोचला होता. परदेशांत जाणारे रुग्ण मात्र फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जवळजवळ ८० टक्क्यांनी घटले. म्हणजे इतर देशांना काही आठवडे मिळाले. त्या आठवड्यांत कोणी चाचण्यांची सोय केली, कोणी रुग्णालये सज्ज केली आणि कोणी नुसतेच बातम्या पाहत बसले, यावर पुढचे सारे ठरले. उघडण्याच्या बाबतीतही हेच लागू होते. बंदीच्या काळात विलगीकरणाच्या जागा उभ्या राहिल्या नसतील, लस पोहोचली नसेल, हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था सुधारली नसेल, तर सीमा कोणत्याही तारखेला उघडा, ती तारीख चुकीचीच ठरेल.

आता ‘कोणासाठी’ या प्रश्नाकडे येतो. २०१९ साली जगात सुमारे १४६ कोटी वेळा पर्यटकांनी दुसऱ्या देशात पाऊल ठेवले होते. २०२० साली हा आकडा सुमारे ४० कोटींवर घसरला. हे आकडे सतत छापून आले, कारण त्यांच्यामागे हॉटेले होती, विमान कंपन्या होत्या, आणि लाखो लोकांच्या रोजीरोटीचा खरा प्रश्न होता. त्याच प्रवासी वर्गात आणखीही माणसे होती. बाळंत होणाऱ्या मुलीकडे जाऊ न शकलेली आई होती, परदेशात करार संपून बेकार झालेला मजूर होता, लग्न ठरूनही दोन खंडांत अडकलेले जोडपे होते. त्यांची वेगळी मोजदाद कोणी ठेवली नाही. बहुतेक देशांच्या नोंदींत ते फक्त ‘आगमने’ होते.

नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे बारावे कलम सांगते की, कोणालाही त्याच्या स्वतःच्या देशात प्रवेश करण्यापासून मनमानी पद्धतीने वंचित करता येणार नाही. महासाथीत या ओळीची कसोटी लागली. मे २०२१ मध्ये, भारतात दुसरी लाट भरात असताना, ऑस्ट्रेलियाने स्वतःच्याच नागरिकांना सांगितले की, मागच्या चौदा दिवसांत तुम्ही भारतात असाल आणि मायदेशी परतलात, तर पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा ६६,६०० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकेल. ही बंदी दोन आठवडेही टिकली नाही. तरीही ज्या देशाचे पारपत्र खिशात आहे त्या देशात परतणे हा काही काळ का होईना गुन्हा ठरला, ही गोष्ट मला कधीच किरकोळ वाटली नाही.

न्यूझीलंडचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आणि म्हणूनच अधिक शिकवणारे आहे. तिथे परतणाऱ्या प्रत्येकाला सरकारी देखरेखीखालच्या हॉटेलात चौदा दिवस राहावे लागे आणि तिथेच चाचण्या होत. २० ऑक्टोबर २०२०पर्यंत अशा रीतीने ६२,६९८ माणसे आत आली आणि त्यांत २१५ बाधित सापडले. सीमा अर्धवट उघडी ठेवूनही देश साथमुक्त राखता येतो, याचा याहून चांगला पुरावा दुर्मीळ आहे. पण खोल्या मोजक्या होत्या आणि परतू पाहणारे अनेक. सप्टेंबर २०२१ मध्ये खोल्यांच्या वाटपासाठी संगणकीय सोडत सुरू झाली. ठरलेल्या वेळी सर्वांनी संकेतस्थळावर जमायचे आणि रांगेतला क्रमांक यंत्राने यदृच्छेने लावायचा, अशी ही रीत होती. पहिल्याच फेरीत सुमारे तीन हजार खोल्यांसाठी तीस हजारांच्या आसपास लोक रांगेत होते. आजारी वडिलांना भेटायला निघालेला मुलगा आणि सुट्टीवरून परतणारा माणूस यांना त्या सोडतीत सारखीच संधी होती. अतितातडीच्या प्रसंगांसाठी वेगळी वाट होती खरी, पण ती अरुंद होती. एप्रिल २०२२ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने सक्तीच्या विलगीकरणाची व्यवस्था मुळात समर्थनीय मानली. मात्र वैयक्तिक गरज आणि विलंब यांचा पुरेसा विचार न करता खोल्या वाटल्याने काही नागरिकांच्या मायदेशी परतण्याच्या हक्कावर असमर्थनीय मर्यादा आली, असा निर्वाळा दिला. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. खोल्यांचा तुटवडा समजण्यासारखा आहे, पण तुटवडा असला की क्रम लावावाच लागतो, आणि तो क्रम चिठ्ठीवर सोपवणे म्हणजे ठरवण्याची जबाबदारी झटकणे होय.

खलाशांचा विचार तर कोणी केलाच नाही असे म्हणावे लागते. २०२०च्या अखेरीस जगभरात सुमारे चार लाख खलाशी करार संपल्यानंतरही जहाजांवरच अडकून पडले होते, कारण बंदरे त्यांना उतरू देत नव्हती आणि उतरले तरी घरी जायला विमाने नव्हती. सागरी श्रमविषयक आंतरराष्ट्रीय संकेतांनुसार सलग अकरा महिन्यांहून अधिक काळ जहाजावर राहू नये. अनेकांनी ती मर्यादा कधीच ओलांडली होती. ज्या जहाजांनी औषधे, धान्य आणि संरक्षक पोशाख आणले, त्याच जहाजांवरची माणसे धक्क्यावर पाय ठेवू शकत नव्हती. माझ्या परिचयातला एक तरुण अशाच एका मालवाहू जहाजावर होता. बंदरात लागल्यावर किनाऱ्यावरचे मोबाइलचे नेटवर्क मिळे तेवढ्या वेळात तो घरी फोन करी, आणि कठड्याला टेकून समोरच्या रस्त्यावरून चालणारी माणसे दाखवी. तो रस्ता त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर होता. पर्यटनाच्या योजनांसाठी मंत्र्यांच्या बैठका होत असताना या माणसांना ‘अत्यावश्यक कामगार’ म्हणून मान्यता मिळवून देण्यासाठी त्यांच्या संघटनांना कित्येक महिने झगडावे लागले.

विलगीकरणाचा इतिहास पाहिला की एक गोष्ट लक्षात येते आणि तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. १३७७ साली रागुसा नगरराज्याने, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकने, प्लेगग्रस्त प्रदेशांतून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर, जवळच्या बेटांवर थांबवण्याचा कायदा केला. रागुसाचे पोट व्यापारावर होते आणि बंदर कायमचे बंद ठेवणे त्याला परवडणारे नव्हते, म्हणूनच हा थांबवण्याचा मार्ग शोधला गेला. विलगीकरणाचा जन्म असा दळणवळण चालू ठेवण्याच्या गरजेतून झाला. पुढे १४२३ साली व्हेनिसने एका बेटावर त्यासाठी कायमचे रुग्णालयच उभारले. थांबणाऱ्याला निवारा, अन्न आणि देखरेख देणे ही राज्याची जबाबदारी आहे, हे त्या काळच्या व्यापारी नगरांना उमगले होते.

आपल्या काळातल्या थांबण्याच्या जागा मात्र घाईघाईने निवडल्या गेल्या. रिकामी पडलेली शहरातली हॉटेले ही सर्वांत सोपी निवड होती, कारण खोल्या तयार होत्या आणि मालकांनाही उत्पन्न हवे होते. पण हॉटेलची बांधणी साथरोगासाठी झालेली नसते. बंद खिडक्या, सामाईक मार्गिका, एका खोलीतून दार उघडताच बाहेर पसरणारी आणि समोरच्या खोलीत शिरणारी हवा हे सारे विषाणूच्या सोयीचे असते. २०२० साली मेलबर्नमध्ये अशाच हॉटेलांतून विषाणू बाहेर पडला. तिथे पहाऱ्यासाठी नेमलेले खासगी सुरक्षारक्षक बहुतांशी तात्पुरत्या कामावर होते, त्यांना पुरेसे प्रशिक्षण नव्हते, आणि एका कामावर घर चालत नसल्याने काहीजण दुसरीकडेही कामे करत होते. त्या लाटेत अठरा हजारांहून अधिक माणसे बाधित झाली, सातशेहून अधिक दगावली आणि ते शहर सुमारे साडेतीन महिने टाळेबंदीत राहिले. त्याच देशाच्या उत्तरेला, डार्विनजवळच्या हॉवर्ड स्प्रिंग्ज इथे, वायुप्रकल्पाच्या कामगारांसाठी बांधलेल्या जुन्या वसाहतीत प्रवाशांना ठेवले गेले. तिथे सुट्या सुट्या बैठ्या खोल्या होत्या, प्रत्येक खोलीला स्वतःचा व्हरांडा होता, हवा मोकळी होती आणि देखरेखीला प्रशिक्षित वैद्यकीय पथक होते. तिथली व्यवस्था हॉटेलांपेक्षा कितीतरी सुरक्षित ठरली. सीमेची सुरक्षितता त्या सुरक्षारक्षकाच्या पगारात आणि आजारी पडल्यास मिळणाऱ्या भरपगारी रजेत असते, हे कोणत्याही प्रवासविषयक परिपत्रकात मला वाचायला मिळाले नाही.

चाचण्यांबद्दलही असाच एक भाबडा विश्वास सर्वत्र पसरला होता. निघण्यापूर्वी ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह अहवाल म्हणजे निर्धोक प्रवासी, असे समीकरण रूढ झाले. त्या काळात विमानतळाच्या चेक-इन काउंटरसमोर उभे असताना माझ्या पुढे एक वयस्कर बाई होत्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत नीट लावलेली कागदपत्रे होती. काउंटरवरच्या मुलीने अहवाल पाहिला, घड्याळ पाहिले, पुन्हा अहवाल पाहिला. बाईंनी तास मोजले होते ते अहवालावर छापलेल्या वेळेपासून. नियम होता नमुना घेतल्याच्या वेळेपासून. शिवाय वाटेत विमान बदलायचे होते, आणि मुदत पहिल्या उड्डाणापर्यंत मोजायची की दुसऱ्या, यावर काउंटरवरच्या दोघांचे एकमत होईना. फोन झाले, वरिष्ठ आले, त्यांनीही एक छापील तक्ता उलटसुलट पाहिला. अखेर बाईंना बाजूला उभे केले गेले. त्या रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. पिशवीतला प्रत्येक कागद काढून पुन्हा त्याच क्रमाने आत ठेवत राहिल्या. ज्या नियमाचा अर्थ तो राबवणाऱ्यालाही लागत नाही, तो नियम रोगापासून किती वाचवतो हे सांगणे कठीण आहे, पण म्हाताऱ्या, एकट्या आणि इंग्रजी न येणाऱ्या प्रवाशांना तो हमखास गाळून बाहेर काढतो.

त्या अहवालाची वैद्यकीय किंमतही मर्यादितच होती. संसर्ग झाल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आरटी-पीसीआर चाचणी बाधिताला सहज निसटू देते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार संसर्गाच्या चौथ्या दिवशी ही चूक होण्याची शक्यता सुमारे ६७ टक्के होती, आणि अगदी अनुकूल अशा आठव्या दिवशीही ती सुमारे २० टक्के उरत होती. दुबईहून क्वालालंपूरमार्गे ऑकलंडला जाऊन २९ सप्टेंबर २०२० रोजी पोहोचलेल्या एका विमानाची कहाणी या संदर्भात मुळातून वाचण्यासारखी आहे. विमानात ८६ प्रवासी होते. विलगीकरणात त्यांपैकी सात जण बाधित निघाले. हे सातही जण पाच वेगवेगळ्या देशांतून दुबईला येऊन विमानात बसले होते, आणि पाच जणांकडे निघण्यापूर्वीचा निगेटिव्ह अहवाल होता. विषाणूंच्या जनुकीय क्रमाची तुलना केली तेव्हा एका नमुन्यातला एकच फरक सोडता ते सर्व एकसारखे निघाले, आणि ही माणसे एकमेकांपासून चार ओळींच्या आतच बसलेली होती. आणखी एक तपशील माझ्या मनात घर करून राहिला. इंधन भरण्यासाठी विमान क्वालालंपूरला थांबले असताना त्याचे सहायक वीजयंत्र सुमारे अर्धा तास बंद होते, आणि त्या वेळात केबिनमधली हवा शुद्ध करणारी यंत्रणाही चालू नव्हती. उड्डाणात असलेल्या विमानाची हवा तासाला वीसहून अधिक वेळा बदलते आणि सूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळण्यांतून जाते, ही गोष्ट विमान कंपन्या आवर्जून सांगत आणि ती खरीच आहे. धोका मात्र जमिनीवर उभ्या असलेल्या विमानातल्या त्या अर्ध्या तासातही असू शकतो, आणि पारपत्र तपासणीच्या दाटीवाटीच्या रांगेतही.

म्हणून आइसलँडने केलेला बदल मला शहाणपणाचा वाटला. १५ जून २०२०पासून तिथे प्रवाशांची विमानतळावर चाचणी होत होती. एक चाचणी पुरत नाही हे ध्यानात येताच १९ ऑगस्टपासून त्यांनी येताच एक, मग साधारण पाच दिवसांचे विलगीकरण आणि त्यानंतर दुसरी चाचणी अशी पद्धत लागू केली. पहिल्या चाचणीत जो निसटतो तो दुसरीत सापडतो, आणि मधल्या दिवसांत तो लोकांत मिसळत नाही. अशी पद्धत प्रवाशाला चौदा दिवस कोंडत नाही आणि कागदाच्या एका तुकड्यावर आंधळा विश्वासही ठेवत नाही.

दोन प्रदेशांनी आपसात विलगीकरणाशिवाय ये-जा ठेवण्यासाठी केलेल्या ‘बबल’ करारांबद्दल फार लिहिण्याजोगे नाही. हाँगकाँग आणि सिंगापूर यांच्यातला करार २२ नोव्हेंबर २०२० रोजी सुरू व्हायचा होता, तो आदल्या दिवशी पुढे ढकलला गेला आणि अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये सोडून देण्यात आला. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्यातली विलगीकरणमुक्त ये-जा १९ एप्रिल २०२१ ते २३ जुलै २०२१ एवढीच टिकली. तरीही यांतली एक गोष्ट घेण्यासारखी होती. सिंगापूर-हाँगकाँग करारात, उगम न सापडलेल्या स्थानिक रुग्णांची सात दिवसांची सरासरी पाचच्या वर गेली की प्रवास दोन आठवडे थांबेल, असे आधीच जाहीर केलेले होते. प्रवासी तिकीट काढताना जाणत होता की कोणत्या आकड्याला काय होईल. धोरण अपयशी ठरले असेल, पण ते लोकांशी प्रामाणिक होते.

लस आल्यावर प्रमाणपत्रांचा काळ सुरू झाला. पीतज्वराच्या लसीचा दाखला प्रवाशांकडून पूर्वीपासून मागितला जात असे आणि तो अनेक दशके सुरळीत चालत आला, कारण ती लस दीर्घकाळ संरक्षण देते आणि दाखल्याचा नमुना सर्व देशांना मान्य आहे. कोविडच्या बाबतीत यांतले काहीच नव्हते. युरोपीय संघाने १ जुलै २०२१पासून आपले डिजिटल प्रमाणपत्र लागू केले आणि संघापुरते ते उत्तम चालले. जगाच्या पातळीवर मात्र लसीपेक्षा लस कोणत्या देशात टोचली याला महत्त्व आले. २०२१च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनच्या प्रवास-नियमांत ॲस्ट्राझेनेकाची लस मान्य होती, पण तीच लस भारतात ‘कोविशील्ड’ या नावाने घेतलेल्यांना लस न घेतलेल्यांच्या रांगेत बसवले. मग लसीला मान्यता आली, तरी दाखल्याला आली नाही. भारताने ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश प्रवाशांवर तसेच निर्बंध घातले, आणि ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने आपला नियम मागे घेतला. या सगळ्यात विषाणूशास्त्राचा संबंध फारच थोडा होता.

याहून गंभीर प्रश्न लस न मिळालेल्यांचा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या आणीबाणी समितीने एप्रिल २०२१ मध्येच सांगितले होते की, लसीकरणाचा पुरावा ही आंतरराष्ट्रीय प्रवासाची अट करू नये, कारण लस संक्रमण कितपत रोखते याची माहिती तेव्हा अपुरी होती आणि लसींचे वाटप विषम होते. त्या वर्षाच्या अखेरीस सर्वांत गरीब देशांत दहा टक्क्यांहून कमी लोकांना लसीची एक तरी मात्रा मिळाली होती. श्रीमंत देशांनी आधी लसी साठवल्या आणि नंतर लसीचा दाखला मागितला. यातला अन्याय समजायला वैद्यकीय ज्ञान लागत नाही.

त्याच वर्षाच्या २४ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेने एका नव्या उत्परिवर्तित प्रकाराची माहिती जगाला दिली. तिथल्या प्रयोगशाळांनी अत्यंत तत्परतेने जनुकीय क्रम शोधला होता आणि कोणतीही लपवाछपवी न करता तो खुला केला होता. दोन दिवसांत त्या प्रकाराला ओमायक्रॉन हे नाव मिळाले आणि त्याच दोन दिवसांत एकामागून एक देशांनी आफ्रिकेच्या दक्षिण भागातून येणारी विमाने थांबवली. ज्या शेजारी देशांत तोवर एकही रुग्ण सापडला नव्हता, त्यांचीही सुटका झाली नाही. २६ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेहून ॲमस्टरडॅमला पोहोचलेल्या दोन विमानांतल्या ६२४ प्रवाशांना तासन् तास आधी विमानात आणि मग गर्दीच्या दालनात ताटकळत ठेवले गेले. त्यांत ६१ जण बाधित निघाले. निरोगी माणसे बाधितांबरोबर एकाच बंद जागेत इतका वेळ कोंडली गेली, हे पाहिले की सुरक्षिततेच्या नावाखाली नेमके उलटे घडत होते असेच म्हणावे लागते. आणि काही दिवसांनी नेदरलँड्सच्या आरोग्य यंत्रणेने जाहीर केले की १९ व २३ नोव्हेंबरला देशातच घेतलेल्या नमुन्यांत ओमायक्रॉन होता. बंदी येण्यापूर्वीच तो घरात येऊन बसला होता. विमाने थांबल्यामुळे प्रयोगशाळांना लागणारी रसायने वेळेवर मिळतील का, अशी चिंता दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी बोलून दाखवली. ज्याने आग लागल्याची हाक दिली त्याच्याच घराचे पाणी तोडावे, असा हा प्रकार होता, आणि पुढच्या साथीत एखादा देश हाक देण्यापूर्वी दोनदा विचार करील ही भीती मला तेव्हापासून वाटते.

याच काळात दुसऱ्या बाजूला एक शांत, उपयुक्त प्रयोग चालू होता. सप्टेंबर २०२१पासून अमेरिकेतल्या काही मोठ्या विमानतळांवर परदेशांतून उतरणाऱ्या प्रवाशांना स्वेच्छेने नाकातला नमुना देण्याची विनंती केली जाऊ लागली. नाव उघड होत नव्हते, कोणाला अडवले जात नव्हते, अनेकांचे नमुने एकत्र तपासले जात. तरीही ओमायक्रॉनचे दोन उपप्रकार त्या व्यवस्थेला इतर यंत्रणांच्या आधी सापडले. त्यांपैकी एक तर सुमारे सहा आठवडे आधी. पुढे विमानांतल्या शौचालयांचे सांडपाणी तपासण्याची पद्धतही त्यात आली. प्रवास चालू ठेवूनच प्रवासातून माहिती मिळवायची, हा विचार मला सर्वांत आश्वासक वाटतो, कारण तो प्रवाशाला संशयित मानत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांना बांधील असलेली आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली २००५ सालची आहे आणि २००७पासून लागू आहे. तिचे त्रेचाळिसावे कलम म्हणते की, एखादा देश प्रवाशांना प्रवेश नाकारणार असेल किंवा चोवीस तासांहून अधिक अडवणार असेल, तर त्याने ४८ तासांच्या आत जागतिक आरोग्य संघटनेला त्याची कारणे कळवावीत, आणि उपलब्ध पर्यायांपेक्षा अधिक जाचक उपाय योजू नयेत. महासाथीत हे कलम कागदावरच राहिले. १ जून २०२४ रोजी या नियमावलीत दुरुस्त्या मंजूर झाल्या आणि १९ सप्टेंबर २०२५पासून त्या लागू झाल्या. अमेरिकेने त्या नाकारल्या आहेत. नव्या तरतुदींनुसार प्रत्येक सदस्य देशाला नियमावलीच्या अंमलबजावणीसाठी एक राष्ट्रीय प्राधिकरण नेमायचे आहे. माझे मागणे या प्राधिकरणाकडे आहे. साथ नसताना, डोके शांत असताना, सीमा पुन्हा उघडण्याचा क्रम लिहून काढावा आणि तो लोकांसमोर ठेवावा. त्यात मायदेशी परतणारे नागरिक, मृत्युशय्येवरच्या नातलगाकडे निघालेली माणसे आणि कामाची मुदत संपलेले खलाशी यांची नावे पर्यटकांच्या कितीतरी वर असावीत. विलगीकरणाच्या जागा कोणत्या, तिथे काम करणाऱ्यांना रजा व पगार किती, चाचणीचे तास कोठून कोठवर मोजायचे, हे प्रवाशाला आणि काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला एकाच भाषेत समजेल असे लिहिलेले असावे. नव्या प्रकाराची माहिती देणाऱ्या देशाला त्याच आठवड्यात लसी, रसायने आणि पैसा कोण पुरवणार, हेही त्यात आलेच पाहिजे. या शेवटच्या मुद्द्यावर देशांचे एकमत होणे सर्वांत अवघड आहे, आणि म्हणूनच त्याची बोलणी सर्वांत आधी सुरू व्हायला हवीत.